आधी बिछाना, मग शिखर

जर्मनीच्या सर्वांत उंच शिखरावर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, पांढरेशुभ्र बूट घातलेली, आइबझे तलावाच्या काठावरून केबल कारने दहा मिनिटांत वर आलेली. दुसरी, पाठीवर सॅक, शर्टावर घामाने उमटलेल्या मिठाच्या रेघा आणि भोवतालच्या गर्दीकडे जरा वैतागून बघणारी. ही दुसरी मंडळी फार थोडी. त्सुगश्पित्सेची उंची २९६२ मीटर. माथ्यावर उपाहारगृह आहे, ऐसपैस गच्ची आहे, दुकान आहे, हवामान केंद्र आहे आणि सोनेरी क्रुसापाशी फोटो काढायला रांगही असते. एवढी सोय असताना पायपीट करून इथे यायचं कशाला, असं कोणी विचारलं तर त्याला वेड्यात काढू नये.

माझं उत्तर असं, की शिखर हा या वाटेचा सगळ्यात सामान्य भाग आहे. खरा ट्रेक त्याच्या खालच्या वीस किलोमीटरांत आहे आणि वाटेवरच्या हटमध्ये काढलेल्या रात्रींत आहे. आल्प्समधलं एखादं शिखर पायी करायचं म्हणजे कशाकशाचा मेळ घालावा लागतो, ते समजून घ्यायला त्सुगश्पित्सेची राइनतालमधून जाणारी वाट फार चांगली. दोर, बर्फाची कुऱ्हाड, बुटांना लावायचे खिळे यांतलं काही ऐन उन्हाळ्यात लागत नाही. लागतो तो दम, आणि त्याहून जास्त, आधी केलेली आखणी.

म्युनिकमध्ये मराठी माणूस आता नवलाचा राहिलेला नाही. मोटार कंपन्या, सॉफ्टवेअर, विद्यापीठं यांच्या निमित्ताने पुण्या-नाशिकची पुष्कळ मुलं तिथे स्थिरावली आहेत. त्यांतली बरीच सह्याद्रीत फिरलेली. म्युनिकच्या मुख्य स्टेशनावरून गार्मिश-पार्टेनकिर्शेनची गाडी पकडली की दीड तासाच्या आत समोर वेटरश्टाइन डोंगररांगेची करडी भिंत उभी राहते. आपला माणूस तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, एका शनिवार-रविवारचं काम आहे. माझ्याबरोबर आलेलं नाशिकचं जोडपंही पहिल्या उन्हाळ्यात हेच म्हणालं होतं. त्या उन्हाळ्यात त्यांचं जाणं झालंच नाही, कारण ऑगस्टच्या एकाही शनिवारी हटमध्ये दोन बिछाने मिळाले नाहीत.

सह्याद्रीतल्या ट्रेकची रीत ठरलेली. शुक्रवारी रात्रीची शेवटची एसटी, पहाटे पायथ्याचं गाव, मुक्कामाला गडावरची गुहा नाहीतर देवळाचा ओटा, आणि जेवणाचं गावातल्या मावशींना सांगून ठेवलेलं. माणसं जास्त झाली तर दाटीवाटीने झोपायचं. कोणी हाकलत नाही. राइनतालमध्ये यातलं काही चालत नाही. ही दरी संरक्षित निसर्गक्षेत्रात येते, तिथे तंबू ठोकायला बंदी आहे. म्हणजे रात्र काढायची ती हटमध्येच, आणि हटमधल्या बिछान्यांची संख्या मोजकी. म्हणून इथली आखणी उलटीकडून सुरू होते. आधी बिछाना कुठल्या रात्री मिळतो ते बघायचं, त्यावरून तारखा ठरवायच्या, आणि शिखराचं शेवटी बघायचं.

या हट चालवणारी संस्था म्हणजे जर्मन आल्पाइन क्लब. १८६९ साली म्युनिकमध्ये स्थापन झालेला हा क्लब आज पंधरा लाखांच्या घरात सभासद असलेली अवाढव्य संस्था आहे, आणि त्याच्या मालकीच्या तीनशेहून जास्त हट मुख्यतः आल्प्समध्ये पसरल्या आहेत. हट म्हटल्यावर डोळ्यांसमोर झोपडी आणू नका. दगड-लाकडाची दोन-तीन मजली इमारत, शेदीडशे माणसांची झोपायची सोय, स्वयंपाकघर, जेवणाची मोठी खोली, असा तो प्रकार. प्रत्येक हट क्लबच्या कुठल्या ना कुठल्या शाखेची असते. राइनताल वाटेवरच्या दोन्ही महत्त्वाच्या हट म्युनिक शाखेच्या आहेत. चालवायला घेणारं कुटुंब बहुतेकदा सबंध उन्हाळा वरच राहतं. हंगाम मे अखेरपासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत, तोही बर्फावर अवलंबून.

आरक्षण ऑनलाइन होतं आणि बरंच आधी सुरू होतं. जुलै-ऑगस्टमधल्या शुक्रवार-शनिवारच्या रात्रींसाठी झुंबड असते. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या तिकिटांचं जे होतं तेच. मधल्या वाराला मात्र आठ-पंधरा दिवस आधीही जागा निघते. क्लबचं सभासदत्व घेतलं तर सामाईक खोलीतला बिछाना किमान १० युरोंनी स्वस्त पडतो, पण माझ्या मते तो मुख्य फायदा नाही. सभासदाला डोंगरातून सोडवून आणायच्या खर्चाचा २५,००० युरोंपर्यंत विमा मिळतो. हेलिकॉप्टर एकदा जरी उडालं तरी बिलाचा आकडा काय होतो हे ज्याने पाहिलं आहे, तो वार्षिक वर्गणीबद्दल कुरकुर करणार नाही. भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्याने तर शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या विम्याचा कागद नीट वाचावा. ३०,००० युरोंचं कवच आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ट्रेकिंग, गिर्यारोहण, ठरावीक उंचीवरचं चालणं अशा गोष्टी बऱ्याच पॉलिसींत बारीक अक्षरांत वगळलेल्या असतात.

आता हिशेब. आल्प्समधल्या पिवळ्या पाट्यांवर बहुधा किलोमीटर नसतात, तास असतात. त्या तासांमागे एक साधं गणित आहे: सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढाला तासाला ३०० मीटर उंची, उताराला ५०० मीटर. अंतराचा वेळ वेगळा काढायचा, उंचीचा वेगळा काढायचा. दोहोंतला मोठा पूर्ण घ्यायचा आणि लहानाचा निम्मा त्यात मिळवायचा. गार्मिशच्या ऑलिंपिक स्की स्टेडियमपासून राइनतालआंगर हटपर्यंत अंतर साधारण १३ किलोमीटर आणि उंचीतला फरक ६४० मीटर. अंतराचे सव्वातीन तास, उंचीच्या दोन तासांतला एक. म्हणजे सव्वाचार-साडेचार तास. तिथून क्नोर हट ६८० मीटर वर, अडीच तासांच्या आसपास. क्नोर हटपासून माथा आणखी ९०० मीटर वर, साडेतीन तास. एकूण दहा-साडेदहा तास, आणि यात बसणं, खाणं, फोटो काढणं धरलेलं नाही.

आकड्यांत सांगायचं तर एकूण चढ २२०० मीटरच्या वर जातो. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर. म्हणजे कोणी समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाईच्या देवळापर्यंत चढला, तरी त्सुगश्पित्सेच्या चढातले साडेपाचशेहून जास्त मीटर बाकी राहतात. रोज धावणारी स्थानिक मुलं हे सगळं एका दिवसात उरकतात. त्यांचं ऐकून आपण तसं करायला जाऊ नये.

एक रात्र की दोन, यावर म्युनिकच्या ट्रेकर मंडळींत वाद चालतो. बहुतेक जण एकच रात्र राइनतालआंगर हटला काढतात आणि दुसऱ्या दिवशी थेट माथा गाठतात. सुट्टी वाचते, पण दुसऱ्या दिवसाच्या वाट्याला १६०० मीटर चढ येतो आणि माथ्यावर पोचायला दुपार होते. उन्हाळ्यात आल्प्समधलं वादळ दुपारीच येतं. म्हणून माझा कौल दोन रात्रींना: पहिली दरीत, दुसरी क्नोर हटला. मधला दिवस अगदी छोटा, आणि शेवटच्या सकाळी सूर्य वर यायच्या आत निघालं की दहाच्या सुमारास माथा, केबल कारची गर्दी व्हायच्या आधी. मधल्या दिवशी पाऊस लागला तरी योजना मोडत नाही.

वाट सुरू होते तीच थाटात. १९३६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्की स्टेडियमच्या बाजूने गेलं की पार्टनाख नदीची घळ लागते. सातशे मीटर लांब, दोन्ही बाजूंना ऐंशी मीटरहून उंच कातळ, आणि तळातून पांढरं पाणी. पूर्वी वरच्या जंगलात तोडलेली लाकडं याच घळीतून वाहवत खाली आणत. १९१२ साली ती लोकांना बघण्यासाठी खुली झाली. वाट कातळात खोदलेली, डोक्यावर ठिबकणारी, मधे मधे बोगदे. आत जायला तिकीट आहे आणि दरवाजा ठरलेल्या वेळीच उघडतो, तेव्हा फार लवकर निघायचं असेल किंवा पुरामुळे घळ बंद असेल तर वरून वळसा घालणारी वाट नकाशात आधी बघून ठेवावी.

घळ संपली की दरी रुंद होत जाते. बोक हटपर्यंत जंगलातला रस्ता, सायकलवाल्यांची ये-जा. पुढे दोन्ही बाजूंना चुनखडीच्या भिंती उंच चढत जातात आणि माणूस आपोआप कमी बोलायला लागतो. या टप्प्यावर जुन्या पुस्तकांत एका निळ्या तळ्याचं वर्णन सापडतं, फोटोही सापडतात. दरड कोसळून नदी अडली आणि ते तळं झालं होतं. ऑगस्ट २००५च्या अतिवृष्टीत गाळ-दगडांनी ते एकदम भरून गेलं. आज तिथे पांढऱ्या गोट्यांचं मैदान आहे आणि त्यातून वाट काढणारे पाण्याचे ओहोळ. आमच्यातल्या एकाने तळ्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला होता आणि तो बराच वेळ ती जागा शोधत होता.

राइनतालआंगर हट १३७० मीटरवर, नदीच्या अगदी काठाला आहे. छपरावरून तिबेटी प्रार्थनापताका लावलेल्या. इथल्या एका जुन्या हटचालकाला संगीताचा नाद होता आणि पाहुण्यांना सकाळी वाद्यं वाजवून उठवायची प्रथा या हटच्या नावाशी जोडली गेली आहे. आम्ही पोचलो तेव्हा बाहेरच्या बाकांवर उन्हात शंभरेक माणसं बसलेली होती. अर्ध्यांचे बूट काढलेले आणि पाय नदीत.

हटमधली संध्याकाळ बघण्यासारखी असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दारातच बुटांची खोली. ओले, चिखलाचे बूट तिथल्या लाकडी फळ्यांवर ठेवायचे आणि आत फक्त सपाता. डोंगरातले बूट घालून एक पाऊलही पुढे टाकलं तर पहिला भेटेल तो टोकतो. शेजारी सुकवायची खोली, तिथे काठ्या, पावसाळी कोट आणि मोजे तारेवर लटकलेले, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक वास. मग खिडकीपाशी नाव सांगायचं. नोंदवहीत नाव, कुठून आलात, उद्या कुठे जाणार, हे लिहायचं. ही वही लिहायचा पुष्कळांना कंटाळा येतो. पण कोणी हरवलं तर शोधपथक सगळ्यात आधी तीच वही उघडतं.

झोपायची जागा म्हणजे लांबलचक लाकडी ओट्यावर एकाला एक लागून ठेवलेल्या गाद्या. प्रत्येकीवर क्रमांक, एक उशी, लोकरी ब्लँकेटं. स्वतःची पातळ कापडी झोळी आणणं सक्तीचं. तिच्यात शिरून वर ब्लँकेट घ्यायचं. बायका-पुरुष वेगळे नाहीत. तुमच्या डाव्या हाताला तुमची बायको असेल तर उजव्या हाताला ऑग्सबुर्गचे कोणी निवृत्त शिक्षक असू शकतात आणि ते घोरूही शकतात. कानांत घालायचे बोळे घेऊन जा. दहा वाजता दिवे बंद आणि बोलणंही बंद. नाशिकच्या वहिनींना ही सगळी शिस्त फार आवडली. त्यांच्या नवऱ्याला सकाळी आंघोळीला गरम पाणी नाही याचा धक्का पचवायला वेळ लागला. वर पाणी जपूनच वापरावं लागतं.

जेवणात शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. चीज घातलेले पिठाचे बारीक गोळे, वर तळलेला कांदा. मसुराच्या जातीच्या डाळीचं दाट सूप, पण त्यात सॉसेज असतं का ते विचारून घ्यायचं. आणि काइझरश्मार्न, म्हणजे जाड गोड धिरडं तव्यावरच फाडून त्यावर पिठीसाखर, सोबत सफरचंदाची चटणी. त्यात अंडं असतं. रोख पैसे बरोबर ठेवा. कार्डाचं यंत्र असलं तरी डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही. आणि मोबाइल चार्ज करायला दहा माणसांत एक प्लग, तेव्हा पॉवर बँक आपली आपण.

दुसऱ्या दिवशी हटपासून थोडं वर गेलं की पार्टनाखचा उगम लागतो. डोंगराच्या पोटातून नदीच बाहेर पडते, झरा वगैरे काही नाही. याचं कारण वर आहे. क्नोर हटच्या पुढे त्सुगश्पित्सप्लाट नावाचं अफाट दगडी पठार पसरलेलं आहे. त्यावर पडणारा पाऊस आणि वितळणारा बर्फ चुनखडीच्या भेगांतून आत जिरतो आणि एवढा खाली येऊन उगवतो. म्हणूनच उगमाच्या वर पाण्याचा ओहोळ सापडत नाही. पुढच्या चढासाठी बाटल्या भरून घ्यायच्या त्या इथेच. चढ एकदम अंगावर येतो, झाडं मागे पडतात, वळणामागून वळण, आणि २०५० मीटरवर क्नोर हट.

या हटला वय आहे. १८५५ साली ती बांधली, वेटरश्टाइनमधली पहिली हट. त्याच्याही पस्तीस वर्षं आधी, २७ ऑगस्ट १८२० रोजी, बव्हेरियन सैन्यातला सर्वेक्षण अधिकारी योझेफ नाउस एक मदतनीस आणि योहान गेओर्ग टाउश्ल या स्थानिक वाटाड्याला घेऊन याच दरीतून शिखरावर गेला होता. नकाशा काढणं हे त्याचं कामच होतं. शिखरावर पहिला क्रूस १८५१ मध्ये लागला, म्युन्शनर हाउस ही माथ्याखालची हट १८९७ मध्ये उघडली, हवामान केंद्र १९०० साली. नंतर दोरमार्ग, दातेरी रुळांची गाडी, सगळंच आलं. १९३८ मध्ये तर सैन्याला इमारतीसाठी जागा हवी म्हणून पश्चिमेकडचा एक माथा सुरुंग लावून उडवून दिला. आजही गच्चीवर उभं राहिलं की आपण मूळच्या तीन माथ्यांतल्या एकाच्या जागेवर उभे आहोत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

क्नोर हटनंतरचं पठार सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. करडा दगड, करडी वाळू, मधे मधे बर्फाचे तुकडे, स्की लिफ्टचे खांब. धुकं आलं की लाल ठिपके शोधत जावं लागतं. जूनमध्ये आणि कधी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातही इथे बर्फाची चादर असते आणि ठिपके तिच्याखाली. म्हणून निघायच्या आधी हटला फोन करून वाटेवर बर्फ किती आहे हे विचारायचं, आणि त्यांनी नको म्हटलं तर वाद घालायचा नाही.

सोनआल्पिन या स्थानकापासून पुढचे शेवटचे चारशे मीटर हा या वाटेचा खरा कस. आधी घसारा. तीन पावलं वर टाकायची, एक पाऊल खाली सरकायचं. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत जो घसाऱ्यावर चालायला शिकला आहे त्याला इथे नवं काही नाही. मग कातळ सुरू होतो आणि कातळाला ठोकलेली पोलादी तार. हातांच्या घर्षणाने ती जागोजागी चकाकते. सकाळी बोटं बधिर होतील इतकी गार, म्हणून पातळ हातमोजे हवेतच. दृष्टिभय आहे, पण पावलापुरती जागा सगळीकडे आहे. ज्याला राजगडाच्या बालेकिल्ल्याची वाट चढताना घाम फुटतो, त्याने इथे जरूर थांबावं आणि सोनआल्पिनहून माथ्यावर जाणारी केबल कार घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

ढग गडगडत असतील तर मात्र कोणीच या तारेला हात लावायचा नाही.

हवामानाबद्दल आपल्याकडच्या ट्रेकरला समजावणं सगळ्यात अवघड जातं. पावसाळ्यात भिजण्यासाठीच जाणारे आपण. पाऊस आला म्हणून परत फिरणं आपल्या रक्तात नाही. इथे साधं गणित आहे: दर शंभर मीटरला तापमान अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. गार्मिशला २५ अंश असले तर माथ्यावर ११-१२. त्यात वारा आणि ओले कपडे मिळवा. १३ जुलै २००८ रोजी ऑस्ट्रियाच्या बाजूच्या एरवाल्डहून त्सुगश्पित्सेवर धावत चढायची स्पर्धा होती. भर उन्हाळा, अनेक धावपटू अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनवर. वर बर्फ पडायला लागला, बोचरा वारा सुटला, आणि माथ्याजवळ दोघांचा थंडीने आणि थकव्याने जीव गेला. दोघेही माझ्या-तुमच्यापेक्षा कितीतरी तंदुरुस्त असणार. आयोजकावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. धावणाऱ्यांना वरची स्थिती कळत होती आणि थांबायची मोकळीक होती, असा निकालाचा सूर होता. मला तो निकाल कठोर वाटला, पण डोंगरात तोच कायदा चालतो.

म्हणून आखणी करताना परतायच्या जागा आधी ठरवाव्यात. माझ्या वहीत त्या अशा होत्या. राइनतालआंगर हटला सकाळी पुढचा अंदाज वाईट असेल तर दरीतूनच माघारी. क्नोर हटला दुसरी रात्र आणि पहाटे धुकं असेल तर थांबून बघायचं, नाहीतर आल्या वाटेने खाली. सोनआल्पिनला पोचायला अकरा वाजून गेले किंवा ढग जमायला लागले तर माथा सोडायचा आणि दातेरी रुळांच्या गाडीने खाली. हे असं घरी, कोरड्या खोलीत बसून लिहून ठेवलं की वर गेल्यावर वाद होत नाहीत. वर तर प्रत्येकालाच वाटतं की एवढं आलोच आहोत तर जाऊन येऊ. बिछाने आधी आरक्षित करायचे आणि हवामान तीन दिवस आधी कळायचं, ही आल्प्सच्या नियोजनातली खरी गोची आहे. तिच्यावर उपाय एवढाच, की शिखर हे जमल्यास जमेल अशा खात्यात टाकायचं. मदत लागली तर ११२ हा क्रमांक. फोन लागत नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा वेळा खूण, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तरादाखल मिनिटाला तीन खुणा आल्या तर समजायचं, कोणीतरी ऐकलं.

सॅकचं फार सांगत नाही. हटमध्ये जेवण, पांघरूण सगळं असल्यामुळे सात-आठ किलोंच्या वर वजन जायचं कारण नाही. टाच-घोटा धरणारे, आधी वापरून मऊ केलेले बूट, पावसाळी कोट, गरम टोपी, कोरडा एक जोड, छापील नकाशा, झोळी. थेपले-चिवडा न्यायला हरकत नाही, पण हटच्या जेवणाच्या खोलीत डबा उघडून पार्टी करायची नाही. कचरा आपला आपण खाली आणायचा.

उतरताना मी सरळ केबल कार घेतो. २२०० मीटर उतार गुडघ्यांना काय करतो हे पन्नाशीनंतर कोणाला सांगावं लागत नाही. आइबझेकडे जाणारी नवी केबल कार डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. सबंध मार्गावर एकच मनोरा, १२७ मीटर उंच, आणि त्याच्यापुढे ३२१३ मीटर दोर कुठल्याही आधाराविना हवेत. शेवटची फेरी संध्याकाळच्या आतच सुटते. ती वेळ पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

पठारावर पायी आलेल्याला जे दिसतं ते केबिनमधल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. माथ्याखाली श्नेफेर्नर नावाची हिमनदी आहे. तिचा दक्षिणेकडचा भाग २०२२ साली बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने हिमनद्यांच्या यादीतून काढून टाकला. बर्फ बहुतेक ठिकाणी दोन मीटरही जाड राहिला नव्हता आणि तो वाहायचा थांबला होता. त्यानंतर जर्मनीत चारच हिमनद्या उरल्या, त्यांतल्या दोन त्सुगश्पित्सेच्या अंगावर. त्यांचंही फार वर्षं राहिलेलं नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. ज्यांना बघायच्या आहेत त्यांनी फार लांबवू नये.

जायचं ठरवत असाल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आणि मधले वार धरा. वादळं कमी झालेली असतात, बर्फ सहसा पडलेला नसतो आणि बिछाने मिळतात. निघायच्या आधी दोन्ही हट त्या काळात उघड्या आहेत ना, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघा. आणि एक विनंती, कारण याबाबतीत आपल्या लोकांचं नाव फारसं चांगलं नाही. हवामान बिघडलं, कोणी आजारी पडलं, बेत फिसकटला, तर आरक्षण मुदतीत रद्द करा, मुदत उलटली असली तरी फोन करून कळवा. त्या बिछान्यासाठी दुसरं कोणीतरी थांबलेलं असतं. आणि रात्री नऊपर्यंत तुम्ही पोचला नाहीत, तर हटवाल्याला ठरवावं लागतं की जेवण आवरायचं की शोधपथकाला फोन लावायचा.